हाफ क्लच

दिवसभर मोकळ्या ट्रॅकवर पळालेली माझी ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची, स्पोर्ट्स कार संध्याकाळी पार्किंगच्या रॅम्पवर अडली. बंद वगैरे पडली नाही. पुढे रांग होती, वीतभर वीतभर सरकायचं होतं, आणि नेमकं तेच तिला जमेना. ब्रेकवरून पाय उचलला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग सीटच्या पाठीतून एक बारीक थरथर जाणवायची आणि पाठोपाठ गाडी हिसका देऊन हातभर पुढे जायची. पुन्हा ब्रेक, पुन्हा तीच थरथर. चढ तीव्र होता, त्यात रांग हलेना. शेवटी समोरच्या पडद्यावर क्लच तापल्याची सूचना उजळली. मागे मित्राची गाडी होती. तीही स्पोर्ट्स कारच, पण टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे पोचवणाऱ्या, ऑटोमॅटिकवाली. ब्रेकवरचा पाय जरासा सैल केला की ती आपली एका लयीत वर यायची आणि दाबला की जागच्या जागी थांबायची. वर आल्यावर मित्र दार लावता लावता सहज म्हणाला, "अरे, तुझ्या गाडीला पळता येतं, चालता येत नाही."

टोमणा नव्हता तो. म्हणूनच डोक्यातून जाईना.

कारण त्याच सकाळी त्याच गाडीनं मला जे दिलं होतं, त्याची धुंदी अजून उतरली नव्हती. लांब सरळ पट्टा, तिसरा गिअर, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा लाल पट्टीला भिडत आलेला, आणि स्टिअरिंगमागचं उजवीकडचं पॅडल बोटानं ओढताक्षणी चौथा. आवाजाची पट्टी एकदम खाली उतरते, पण ओढ तुटत नाही. पाठीवरचा दाब तसाच राहतो, मान हलत नाही. ज्यांनी एका क्लचचे जुने स्वयंचलित गिअरबॉक्स चालवलेत त्यांना यातलं नवल जास्त कळेल. 1997 च्या फेरारी एफ355 मध्ये एफ1 नावाचा पॅडलवाला गिअरबॉक्स आला, त्यात क्लच एकच होता आणि पायाऐवजी यंत्र तो दाबायचं. गिअर बदलताना ताकद तुटायची, मान पुढे जायची, मग पुढचा गिअर लागला की मागे आपटायची. त्या गचक्यावर प्रेम करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं प्रेम मला खोटं वाटत नाही. तरीही जोरात निघालेली गाडी मधल्या मधे सैल पडते तेव्हा मनाला काहीतरी खटकतंच. ड्युअल-क्लचनं ते खटकणं संपवलं.

त्यामागची कल्पना फार देखणी आहे. एकाच खोक्यात जणू दोन गिअरबॉक्स. एक शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, पोकळ, दुसरा त्याच्या पोटातून गेलेला, आणि प्रत्येकाला स्वतःचा क्लच. एकावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात जोर लावत असता तेव्हा चौथा आधीच लागलेला असतो, फक्त त्याचा क्लच सुटा असतो. पॅडल ओढलं की एक क्लच सुटायला लागतो आणि दुसरा पकडायला लागतो. मधले काही क्षण दोघं मिळून भार वाहतात. दात बसवायचं खरं काम तुम्ही मागण्याआधीच उरकलेलं असतं. म्हणून या गिअरबॉक्सच्या वेगाचे आकडे वाचताना मला नेहमी वाटतं, की इथे मोजला जातोय तो फक्त शेवटचा हात. मुख्य श्रम अंदाजाचे आहेत: ड्रायव्हर आता वर जाणार की खाली?

हे सुचलं होतं आडॉल्फ केग्रेस या फ्रेंच इंजिनिअरला, 1939 मध्ये. सित्रोएनच्या ट्रॅक्सिओं आव्हां या गाडीमध्ये ते बसवायचा विचार होता, तो तडीस गेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेत हायड्रामॅटिक बाजारात आणला, तेलाच्या कपलिंगवर चालणारा ऑटोमॅटिक. दोन वाटा एकाच वर्षी फुटल्या, पण एक लाखो गाड्यांपर्यंत गेली आणि दुसरी कागदावर राहिली. का, ते उघड आहे. दोन क्लच एकमेकांशी जुळवून चालवायला जी मोजणी लागते ती तेव्हाच्या यंत्रांच्या आवाक्यात नव्हती. पोर्शनं 1980च्या दशकात 956 आणि 962 या रेसच्या गाड्यांत पीडीके नावाचा आपला ड्युअल-क्लच बसवून तो धागा पुन्हा उचलला. गिअरबॉक्स जड होता, इलेक्ट्रॉनिक्स कच्चं होतं, तरी 1986 मध्ये इटलीतल्या मोन्झाला 962 नं तो बसवलेला असताना शर्यत जिंकली. ऑडीच्या स्पोर्ट क्वात्रो एस1 या रॅलीच्या गाडीतही तो आजमावला गेला. एवढ्या खटपटीनंतर ड्युअल-क्लच रस्त्यावरच्या गाडीत पहिल्यांदा आला कुठे, तर 2003 च्या फोक्सवॅगन गोल्फ आर32 मध्ये. पोर्शच्या 911 या स्पोर्ट्स कारला त्यासाठी 2008 पर्यंत थांबावं लागलं. तोवर ऑटोमॅटिक 911 म्हणजे टिपट्रॉनिक, म्हणजेच टॉर्क कन्व्हर्टर. रेसच्या ट्रॅकवर जन्मलेली गोष्ट आधी एका हॅचबॅकमध्ये शिरते आणि नंतर तिच्या हक्काच्या घरी परतते, हा क्रम मला फार लोभस वाटतो.

टॉर्क कन्व्हर्टरबद्दल माझ्या मनात लहानपणापासून एक अढी होती. एका मोठ्या, जुन्या ऑटोमॅटिक गाडीत मागच्या सीटवर बसल्याचं आठवतं. रेस दिली की आधी इंजिन ओरडायचं आणि मग, जरा विचार करून, गाडी निघायची. आवाज आणि हालचाल यांच्यात काहीतरी मऊ, रबरी भरलेलं आहे असं वाटायचं. पुढे मासिकांतून वाचायला लागलो तेव्हा तिथेही तेच: ऑटोमॅटिक म्हणजे ताकद खाणारी, आळशी, सुस्त. स्पोर्ट्स कारमध्ये ती घेणाऱ्याला गाडीतलं कळत नाही असा एकूण सूर. तो सूर मीही बरीच वर्षं उचलून धरला.

त्या मऊपणाचं कारण साधं आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनाला जोडलेला पंखा तेल भिरकावतो, गिअरबॉक्सकडचा पंखा त्या माऱ्यानं फिरतो, आणि दोघांच्या मधे स्टेटर नावाचं तिसरं चाक परतणाऱ्या तेलाला वळण देऊन पुन्हा कामाला लावतं. या तिसऱ्या चाकामुळेच गाडी जागेवरून उठताना चाकांकडे इंजिनाच्या सुमारे दुप्पट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जातो. ही करामत जर्मनीच्या हेरमान फ्योटिंगरची, पेटंट 1905 चं, आणि ती मुळात जहाजांसाठी होती: वेगानं फिरणारं टर्बाइन आणि सावकाश फिरणारा प्रोपेलर यांची सांगड घालायला. म्हणजे धातूला धातू न भिडता प्रचंड ताकद हळुवार पोचवणं हे तिचं जन्मापासूनचं काम. रॅम्पवर मित्राची गाडी वीतभर सरकत होती ती याच तेलाच्या जोरावर. तिथे झिजायला काही नव्हतंच. घसरत होतं ते तेल, आणि तेलाला घसरण्याचं दुःख नसतं. माझ्या गाडीत तीच घसरण क्लचच्या प्लेटांना सोसावी लागत होती. हाफ क्लचवर चढ चढणाऱ्या कुठल्याही गाडीची जी गत होते तीच तिची झाली, फरक एवढाच की तो हाफ क्लच माझ्या पायाखाली नव्हता.

पण मग जुना सुस्तपणा गेला कुठे? मित्राची गाडी ट्रॅकवरही काही आळशी नव्हती. त्याच्या शेजारी बसून मी फेऱ्या मारल्या तेव्हा दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा इतक्या नेटकेपणानं पडत होता की डोळे मिटले असते तर मी त्याला ड्युअल-क्लच म्हटलं असतं. त्यात ज्या जातीचा गिअरबॉक्स होता तो झेडएफ या जर्मन कंपनीचा 8एचपी, 2009 पासूनचा. आठ गिअर, मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे चार प्लॅनेटरी संच, आणि ते धरायला-सोडायला पाच क्लच-ब्रेक. कुठल्याही गिअरमध्ये त्यातले दोनच सुटे असतात, त्यामुळे सुट्या क्लचची वाया जाणारी फरफट कमी. गाडी उठली की कन्व्हर्टरच्या पोटातला लॉक-अप क्लच लवकरच पकड घेतो आणि तेल खेळातून बाहेर पडतं. त्यापुढे इंजिन ते चाकं सगळा धातूचाच रस्ता. लेक्ससनं 2007 च्या आयएस एफमध्ये मॅन्युअल मोडला दुसऱ्या गिअरपासूनच कन्व्हर्टर लॉक ठेवून ही दिशा दाखवली होती. आणि या ऑटोमॅटिकमध्येही गिअर बदलतो म्हणजे काय होतं? एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो. ताकद तुटत नाही.

म्हणजे ज्याला मी ड्युअल-क्लचची जादू समजत होतो ती या बदनाम खोक्यात कायमचीच होती. खरा फरक दोनच जागी उरतो: गाडी उभी असताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे काय आहे, आणि पुढचा गिअर आधी ताडून ठेवावा लागतो की नाही.

या दुसऱ्या जागेचा अनुभव मात्र सांगण्याजोगा आहे. वळणाकडे जाताना ब्रेक लावत डावं पॅडल मारलं की ड्युअल-क्लच सहावा, पाचवा, चौथा, तिसरा अशी एकेक पायरी उतरतो, प्रत्येक पायरीला इंजिन स्वतःच रेस घेऊन आरपीएम जुळवतं, आणि ती माळ कानांना विलक्षण सुख देते. पण रस्त्यावर, शांत चाललेलो असताना, गिअरबॉक्सनं मनाशी धरलेलं असतं की आता हा वर जाणार, आणि त्या बेतानं त्यानं वरचा गिअर लावून ठेवलेला असतो. तेवढ्यात पुढे मोकळी जागा दिसते आणि मी पाय तळापर्यंत दाबतो. आता लावलेला गिअर काढायचा, हवा तो लावायचा, आणि हवा असलेला गिअर त्याच शाफ्टवर असेल तर मधे दुसऱ्या शाफ्टचा आधार घ्यायचा. त्या अर्ध्या श्वासात गाडी तिथे नसते. कन्व्हर्टरवाल्याला असं काही ताडावं लागत नाही. प्लॅनेटरीत योग्य क्लच धरले-सोडले की मधल्या पायऱ्या गाळून तो थेट खाली उतरतो. 8एचपी तर आठव्यातून दुसऱ्यात उडी घेऊ शकतो. ट्रॅकवर प्रत्येक वळण आधीच माहीत असतं, तिथे ताडणारा जिंकतो. अनोळखी रस्त्यावर मला दुसरा अधिक जवळचा वाटला, आणि हे लिहिताना थोडं वाईटही वाटतंय, कारण माझं मन पहिल्यावर बसलं होतं.

बीएमडब्ल्यूच्या एम या स्पोर्ट्स गाड्यांच्या विभागानं तर हा प्रवास उलटाच केला. 2008 मध्ये एम3 ला सात गिअरचा ड्युअल-क्लच आला, 2011 च्या एम5 लाही तोच मिळाला. मग 2017 च्या एम5 मध्ये आणि पुढे एम3-एम4 मध्ये टॉर्क कन्व्हर्टर. खूप चाहत्यांनी याला काटकसर म्हटलं. मला त्यामागे इंजिन दिसतं. त्या 2008 च्या एम3 चं व्ही8 इंजिन टर्बोशिवायचं, 8400 आरपीएमपर्यंत जाणारं, आणि टॉर्क 400 न्यूटन-मीटर. त्याचा सगळा जीव वरच्या टोकाला. योग्य गिअरमध्ये नसलात तर ते इंजिन अर्धं झोपेत असायचं. अशा इंजिनाला झटपट गिअर हे जेवणाइतकं आवश्यक. आताच्या एम3 कॉम्पिटिशनमध्ये टर्बोवाला सहा सिलिंडर, 650 न्यूटन-मीटर आणि तेही 2750 आरपीएमपासूनच. त्याला चौथ्यात ठेवा की पाचव्यात, ते ओढणारच. त्याच्या बाबतीत प्रश्न राहतो तो खालूनच उसळणारा हा लोंढा चाकांपर्यंत सभ्यपणे पोचवण्याचा. ड्युअल-क्लचला एवढा टॉर्क झेपत नाही असं नाही. 2005 च्या बुगाटी व्हेरॉननं 1250 न्यूटन-मीटर त्यातूनच नेले. पण त्याची किंमत वजनात, तेलाच्या थंडाव्यात आणि रॅम्पवरच्या वागणुकीत मोजावी लागते. गिअरबॉक्स कुठला चांगला, या वादात लोक इंजिनाचं नावच घेत नाहीत याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. पोर्शच्या एकाच छताखाली 911 ला पीडीके आणि कायेन या एसयूव्हीला कन्व्हर्टर मिळतो, आणि दोन्ही ठिकाणी निर्णय बरोबर आहे.

त्यात इंजिन कुठे बसलंय हेही आलं. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असेल तर गिअरबॉक्स आणि दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल एकाच आटोपशीर गाठोड्यात हवं असतं, आणि फेरारी, मॅक्लारेन यांनी त्यासाठी ड्युअल-क्लचच धरून ठेवला. शेव्हरोले कॉर्व्हेटचं इंजिन समोर होतं तोवर ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर चालला. 2020 च्या सी8 मध्ये इंजिन मागे गेलं आणि ट्रेमेकचा आठ गिअरचा ड्युअल-क्लच आला. मर्सिडीजच्या एएमजीनं तिसरीच वाट काढली. 2008 च्या एसएल63 मध्ये त्यांनी नेहमीचा प्लॅनेटरी ऑटोमॅटिक ठेवला आणि फक्त कन्व्हर्टर काढून तिथे तेलात बुडालेला क्लच बसवला. पुढे पहिल्या एएमजी जीटीला मागच्या अंगाला ड्युअल-क्लच दिला, आणि 2023 च्या दुसऱ्या पिढीत पुन्हा त्या तेलातल्या क्लचकडे वळले. मोठमोठ्या कंपन्या अशा पुढे-मागे होताना पाहिल्या की बरं वाटतं; प्रश्न अजून जिवंत आहे.

मला खरी टोचणी आहे ती वेगळीच. दोन्ही गिअरबॉक्स इतके गुळगुळीत झाले की आता मुद्दाम धक्का घालावा लागतो. सर्वांत आक्रमक मोडमध्ये टाका, पूर्ण रेसवर वरचा गिअर घ्या, आणि पाठीत एक दणका बसतो. त्या दणक्याची गिअर बदलायला गरज नसते. क्लच जरा उद्दामपणे पकडायला सांगितलेला असतो, इतकंच. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हिरमुसलो. पण नंतर पुन्हा चालवताना मनातून तो दणका मला हवाच असतो हेही जाणवलं. हातानं केलेल्या कामाची पोच शरीराला मिळायला हवी असते, आणि ती कुणी लिहून ठेवलेली असली तरी अंगावर काटा यायचा तो येतोच. पोर्शनं 2013 चा 911 जीटी3 फक्त पीडीकेसह काढला, तेव्हा तो जुन्या मॅन्युअलपेक्षा निःसंशय वेगवान होता. तरी माणसं तीन पेडलांसाठी हळहळली, आणि 2017 मध्ये मॅन्युअल परत आला. सेकंद वाचवणं हेच सगळं असतं तर त्याची गरज पडली नसती.

रॅम्पवरच्या दुखण्यावर आता विजेचा उतारा सापडलाय. 2019 च्या फेरारी एसएफ90 मधल्या आठ गिअरच्या ड्युअल-क्लचला रिव्हर्स गिअरच नाही. मागे जायचं काम पुढच्या इलेक्ट्रिक मोटरी करतात. विजेवर इंच इंच सरकताना क्लचला घासावंच लागत नाही. 2024 च्या 911 जीटीएसमध्ये मोटर पीडीकेच्या घरातच आहे, आणि त्याच वर्षीच्या एम5 मध्ये ती कन्व्हर्टरवाल्या आठ गिअरच्या खोक्यात. दोन्ही घराण्यांनी एकच पाहुणा घरात घेतला. मोटर शून्य आरपीएमपासून ओढते, गिअरच्या मधली फट भरते, आणि मी वर ज्या फरकांचा एवढा काथ्याकूट केला ते पुसट होत जातात. पण तो एम5 2400 किलोंच्या वर गेलाय. एवढ्या वजनात गिअर कसा पडला हे बोटांना कितीसं कळणार, ही शंका मनातून जात नाही.

म्हणून मला ओढ लागलीय ती अजूनही टर्बोशिवायच्या जीटी3 ची. बाकीच्या 911 आठ गिअरच्या पीडीकेवर गेल्या, तेव्हा पोर्शनं आताच्या जीटी3 ला वजनासाठी सातच गिअरचा ठेवला. इंजिन 9000 आरपीएमला जातं, मोटर नाही, आणि अशा इंजिनामागे कन्व्हर्टर असावा असं मला कधी वाटणार नाही. 2013 च्या जीटी3 मध्ये आणखी एक गोष्ट होती, फार कमी लोक तिच्याबद्दल बोलतात. दोन्ही पॅडल एकदम ओढून धरली की दोन्ही क्लच सुटतात, इंजिन मोकळं होतं. सोडली की क्लच पुन्हा पकडतात, आणि वळणात मागची चाकं सोडवायची असतील तर तेवढं पुरतं.